देवाचे नाव आणि ठळक अक्षर

देवाचे नाव लिहिताना अक्षर केवढे असावे आणि त्याचे वळण कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता रंगाऱ्याचा किंवा छापखानेवाल्याचा वाटतो. परंतु पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सातारा ओलांडून कऱ्हाडच्या दिशेने निघालेल्या, आणि जिथे तारळी कृष्णेला मिळते व चाफळ-पाटणाकडचा रस्ता पश्चिमेस वळतो त्या उंब्रजला थांबून आजूबाजूच्या कमानी, दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फ्लेक्स आणि मालमोटारींच्या काचा वाचणाऱ्या श्रद्धावान माणसाला तो आपल्या उपासनेचाच प्रश्न वाटू लागेल. श्रीराम, मारुती, समर्थ, पालचा खंडोबा, जोतिबा ही नावे तिथे बहुतकरून एकाच जातीच्या अक्षरांत आढळतात: दंड जाड, बाक मोडून काढलेले, कोपरे धारदार, शिरोरेषा दंडाइतकीच रुंद, कडेला पांढरी किनार आणि पाठीमागे काळी छाया. ही अक्षरे दुरून दिसावीत म्हणून घडवलेली असतात आणि ती दुरून दिसतात, यात शंका नाही. परंतु ज्या परमेश्वराला आपण अंतर्यामी म्हणतो, म्हणजे जो आपल्यापासून तसूभरही लांब नाही असे मानतो, त्याचे नाव दुरून दिसण्याची गरज कोणाला आहे, आणि ती गरज भक्तीची आहे की आणखी कशाची, याचा शोध घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम या अक्षराची घडण जवळून पाहिली पाहिजे. 'मारुती' हेच नाव घ्या. बोरूचे टोक तिरके छाटलेले असल्यामुळे हात जसजसा वळेल तसतशी रेघ आपोआप जाड-बारीक होत जाते. म च्या डाव्या अंगाची गाठ बारीक रेघेने वळून येते, रु चा उकार अक्षराच्या कमरेतून निघून अलगद आत वळतो, आणि ती ची दीर्घ वेलांटी शिरोरेषेवर उठून, कमान घेऊन, उजवीकडच्या दंडात उतरते. कोनदार ठळक अक्षरात हा सारा प्रवास बंद होतो. गाठीचा भरीव चौकोन होतो, वेलांटी दोनदा काटकोनात मोडते, आणि उकार इतका आखडतो की रु ऱ्हस्व आहे की दीर्घ हे वाचणाऱ्याने आपल्या पूर्वज्ञानावरून ठरवावे. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व ही जोडपी आपल्या लिपीत ज्या बारीक खुणांच्या आधाराने वेगळी राहतात, त्या खुणा जाडीच्या ओझ्याखाली सर्वांत आधी दबतात. लाभही उघड आहे. सरळ कड आणि काटकोन धावत्या दृष्टीला चटकन सापडतात, रंग भरणाऱ्याचा हात चुकत नाही, आणि पत्रा कापून अक्षरे बनवायची तर काम सोपे होते. पूर्वी रस्त्यावरचे पेंटर सुताने रेघा आखून चपट्या ब्रशने ही अक्षरे काढीत. आता ती संगणकावर तयार मिळतात. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या 'टेको' आणि 'खंड' या देवनागरी अक्षरजाती मथळ्यांसाठीच योजलेल्या आहेत. पैकी 'टेको'चा बांधा चौकोनी आहे, आणि 'खंड'मध्ये अक्षरांच्या पोटातील जागा मोकळी राहावी याची घेतलेली काळजी जाणत्या डोळ्याला लगेच दिसते. म्हणजे काम जाणकाराच्या हातून झाले तर ठळकपणा आणि वाचनीयता यांचे वैर असतेच असे नाही.

या अक्षरांविषयी सुशिक्षितांच्या तोंडी जी तक्रार ऐकू येते ती अशी की, कोनदार आणि जाड अक्षर हे मुळातच बाजारी आहे, त्याचा जन्म विक्रीसाठी झाला, आणि म्हणून देवाच्या नावाला ते शोभत नाही. तक्रारीचा अर्धा भाग इतिहासाला धरून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत लंडनच्या अक्षर-ओतशाळांनी अतिजाड आणि चौकोनी अक्षरे ओतली ती भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातींसाठी, आणि तिथून ती जगभर पसरली. परंतु कोन आणि जाडी यांची पवित्र वाङ्मयाशी असलेली सोयरीक याहून फार जुनी आहे. कुराणाच्या आरंभीच्या शतकांतील प्रती ज्या कूफी वळणात लिहिल्या गेल्या ते वळण आडव्या रेघांचे, कोनदार आणि भारदस्त आहे. वाचायला सोपे असलेले नस्ख वळण पुढे प्रतिष्ठित झाले. योहान गूटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइंत्स येथे बायबल छापले तेव्हा त्याने निवडलेले अक्षर काळेभोर, दाट आणि टोकदार होते, कारण त्या काळच्या मठांतून धर्मग्रंथांची नक्कल त्याच वळणाने होत असे. आपल्याकडेही दगडावर टाकीने खोदलेले अक्षर बोरूच्या अक्षराहून साहजिकच अधिक सरळ आणि अधिक कडक उमटते. विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंतींवर आणि जाळ्यांत अरबी अक्षरे आहेत. तिथल्या खिडक्यांत दगड अशा खुबीने कोरला आहे की अक्षरांभोवतीच्या मोकळ्या जागेतून उजेड आत येतो. तेव्हा कोन अधर्म्य आणि बाक धर्म्य अशी सोपी वाटणी करून या प्रश्नातून सुटका नाही.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहू गेल्यास आरंभी असे वाटते की प्रश्नच उरत नाही. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहे. आपण उच्चारतो तो ध्वनी त्या नित्य वर्णाला केवळ प्रकट करतो, आणि लिपी तर ध्वनीचीही खूण, म्हणजे मूळ वस्तूपासून दोन पायऱ्या दूर. शाईचा म जाड झाला म्हणून नित्य मकार जाड होत नाही. भर्तृहरीने वाक्यपदीयात ही गोष्ट अधिक सूक्ष्मतेने मांडली आहे. त्याने ध्वनीचे प्राकृत आणि वैकृत असे दोन प्रकार मानले. शब्दाचे ग्रहण ज्यामुळे होते तो प्राकृत, आणि द्रुत, मध्यम, विलंबित असा जो वेगाचा फरक उच्चारात पडतो तो वैकृत ध्वनीचा. कोणी भराभर म्हटले किंवा सावकाश म्हटले तरी शब्द तोच राहतो. अक्षराचा ठळकपणा हा मला या वैकृत ध्वनीच्याच कोटीतला वाटतो: नावाच्या ठायी तो काही भर घालीत नाही आणि त्यातून काही कमीही करीत नाही.

पण इथेच थांबणे बरोबर नाही, कारण आपल्या शिक्षाग्रंथकारांनी वैकृताला क्षुल्लक मानून सोडून दिलेले नाही. शब्द तिन्ही वृत्तींत एकच असतो हे मान्य करूनही त्यांनी प्रत्येक वृत्तीचा विनियोग ठरवला: पाठांतराची आवृत्ती करताना द्रुत, प्रत्यक्ष प्रयोगात मध्यम, आणि शिष्याला शिकवताना विलंबित. याचा अर्थ असा की, जे शब्दाच्या सत्यतेला स्पर्श करीत नाही ते ऐकणाऱ्याच्या चित्ताला मात्र स्पर्श करते, आणि म्हणून त्याचाही विवेक केला पाहिजे. मला जे म्हणायचे आहे ते सारे यात आले. ठळक कोनदार अक्षर ही लेखनाची एक वृत्ती आहे. ती पापी नाही, पुण्यवानही नाही. तिचा विनियोग मात्र योग्य किंवा अयोग्य असू शकतो, आणि देवाच्या नावाच्या बाबतीत आपण आज तो विनियोग विसरलो आहोत.

उंब्रजच्या परिसरात उभे राहून हे म्हणताना समर्थ रामदासांची आठवण टाळता येणार नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्मनिरूपण करणाऱ्या ग्रंथात बोरू, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांना असे मानाचे स्थान देणारा दुसरा संतग्रंथ सहजासहजी दाखवता येणार नाही. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ग्रंथाचे पहिले अक्षर जसे असेल तसेच शेवटपर्यंत निभावे, इतके की सारा ग्रंथ एका टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. ओळीला ओळ लागू नये, रफार-मात्रा शेजारच्या ओळीत घुसू नयेत. पानावर आधी शिशाने रेघा आखून घ्याव्यात. भोवती चौफेर जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. या सूचना इतक्या व्यवहारी आहेत की त्या कोणत्याही छापखान्याच्या भिंतीवर लावाव्यात. त्यातच अक्षराच्या आकाराविषयी एक निर्णय आहे: तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहावे. शिक्षाकारांनी प्रयोगासाठी सांगितलेली मध्यम वृत्ती आणि समर्थांनी ग्रंथासाठी सांगितलेले मध्यम अक्षर यांची इथे गाठ पडते, आणि ती गाठ मला योगायोगाची वाटत नाही. दोन्हीकडे विचार घेणाऱ्याच्या सोयीचा आहे.

याच समासात समर्थ म्हणतात की ग्रंथ असा जपून लिहावा की पाहणाऱ्याला हेवा वाटावा आणि हे लिहिणारा पुरुष कोण तो एकदा पाहावा असे लोकांनी म्हणावे. निःस्पृहतेचा आचार्य लेखकाच्या कीर्तीची वाट मोकळी ठेवतो, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु त्या कीर्तीची वाट कोणती आहे ते पाहावे. लिहिणाऱ्याने आपले नाव कुठेही मोठे केलेले नाही. त्याने अक्षर चांगले केले, आणि लोक अक्षराच्या मागोव्याने त्याच्यापर्यंत आले. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जतन करून ठेवली गेली ती याच न्यायाने.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही समर्थांची पोथी पाहिलीत, पण त्यांचा मारुती विसरलात. आक्षेप रास्त आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात समर्थांनी ज्या अकरा मारुतींची स्थापना केली त्यांतला एक उंब्रजचा. परंपरेने त्याचा शक १५७१, म्हणजे इसवी सन १६४९ च्या सुमाराचा सांगतात, आणि मूर्ती चुना, वाळू व ताग यांच्या मिश्रणातून घडवलेली आहे असेही सांगतात. चाफळला रामासमोर दासमारुती हात जोडून उभा आहे आणि देवळामागे प्रतापमारुती आपल्या उग्र रूपात आहे. एकाच आवारात नम्रता आणि पराक्रम या दोन्ही वृत्तींना समर्थांनी जागा दिली. शेंदूर हा रंगच मुळी दुरून दिसणारा आहे. ठळकपणाला उपासनेत स्थान नाही असे म्हणणाऱ्याला हा संप्रदाय अनुकूल साक्ष देणार नाही. मात्र याच समर्थांनी प्रतापमारुतीची उग्रता अक्षरात उतरवायला सांगितले नाही. मूर्ती पाहण्यासाठी आहे आणि अक्षर वाचण्यासाठी. पाहणे रूपापाशी येऊन थांबते आणि त्याने तिथेच थांबावे हे इष्ट असते, वाचणे मात्र अक्षरापाशी अडले की अर्थापर्यंत पोचत नाही. मूर्तीचा धर्म अक्षरावर लादला म्हणजे नाव हे नाव न राहता चित्र होते, आणि चित्र झालेल्या नावाचा जप होत नाही, त्याचे दर्शन मात्र होते.

या भागात धर्मग्रंथांच्या छपाईची जी परंपरा घडली तिने हा विवेक चांगला ओळखला होता. गीता छापून ब्राह्मणांना वाटावी असे नाना फडणिसांच्या मनात होते. १८०० साली त्यांचे निधन झाले, आणि ते काम पुढे मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तडीस गेले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली ती अक्षरे पोथीच्या वळणाशी इमान राखून होती. धातूवर टाकी चालवणाऱ्या कारागिराला सरळ रेघ अधिक सोपी असूनही त्याने लेखणीच्या वळणाचा मान ठेवला. पुढे शतकभराने औंध संस्थानात, चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ स्थापून वेदसंहिता छापल्या. सातवळेकर हे स्वतः मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार. हैदराबाद आणि लाहोर येथे त्यांनी चित्रकलेवर चरितार्थ चालवला होता. रंग आणि रेषा यांचा मोह ज्याला असावा असा माणूस आयुष्यभर वेदाच्या मजकुरातील सर्वांत बारीक खुणा नीट उमटाव्यात म्हणून झटत राहिला, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

त्या खुणांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्त स्वर दाखवण्यासाठी अक्षराखाली आडवी रेघ असते आणि स्वरित दाखवण्यासाठी अक्षरावर उभी रेघ. जो उदात्त, म्हणजे आघाताचा मुख्य आणि उंच स्वर, त्याला खूणच नसते. खालच्या आणि वरच्या रेघांच्या मधोमध जे अक्षर मोकळे उभे आहे ते उदात्त, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. सर्वांत अधिक जोर जिथे आहे तिथे शाईचा एक थेंबही अधिक खर्चायचा नाही, अशी ही रचना आहे. आणि स्वराचे हे भेद गौण मानू नयेत, कारण त्वष्ट्याच्या यज्ञाची कथा वेदाध्यायी परंपरेत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली ती याच कारणास्तव: इंद्राला मारणारा पुत्र मागताना एका शब्दातला आघात अंत्याऐवजी आद्य अक्षरावर पडला, मागणीचा अर्थ उलटला, आणि वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. आता हाच मजकूर कोनदार ठळक अक्षरात जुळवून पाहिला तर काय होईल याची कल्पना करावी. अक्षरे इतकी काळी होतील की त्यांच्या वरखालच्या बारीक रेघा डोळ्यात भरणारच नाहीत. रेघाही तितक्याच जाड कराव्यात तर शिरोरेषा कोणती आणि स्वरचिन्ह कोणते याचा घोटाळा होईल. आणि ज्या उदात्ताने रिकामेपणाने बोलायचे त्याला बोलायला जागाच उरणार नाही.

जागा हा शब्द इथे मी विचारपूर्वक वापरतो. अक्षर घडवणारे लोक जाणतात की अक्षर जितके शाईने बनते तितकेच ते शाईने वेढलेल्या रिकाम्या जागेने बनते. वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त येतो: घट आकाशाला मर्यादा घालतो, पण घटाला घटपण, म्हणजे पाणी धरण्याची योग्यता, त्या आतल्या आकाशामुळेच असते. ब च्या पोटात, म च्या खोबणीत, ध च्या वळणात जे आकाश कोंडलेले असते ते दंड जाड करता करता भरत जाते. एका मर्यादेपलीकडे भिंती इतक्या जाड होतात की घटात पाणीच मावत नाही. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारखा सुलेखनकार आणि अक्षररचनाकार, ज्याने संगणकासाठी 'मंगल' हे देवनागरी वळण दिले, किंवा नाटकांची नावे आणि नियतकालिकांची शीर्षके रेखाटण्यात उभे आयुष्य घालवलेले कमल शेडगे, यांच्या कामात हे भान सतत जागे दिसते. शेडग्यांनी कोनदार अक्षरे काढली, प्रसंगी अक्राळविक्राळही काढली. पण ती त्या त्या नाटकाच्या प्रकृतीची होती, आणि नाव वाचता आले नाही असे त्यांच्या हातून होत नसे. कौशल्य असेल तर ठळकपणा अर्थाची चाकरी करतो. चाकराने धनी व्हायचे ठरवले म्हणजे मात्र अनर्थ होतो.

धनी कोण, हा प्रश्न मंदिराच्या कमानीखाली उभे राहिल्यावर फार टोकदार होतो. कमानीवर देवाचे नाव असते. त्याच्या दोन्ही बाजूंस किंवा खाली देणगीदारांची, सौजन्याची, प्रेरणास्थानांची नावे असतात, छायाचित्रे असतात, आणि या नावांची अक्षरे पुष्कळदा देवाच्या नावाच्या अक्षरांशी बरोबरी करतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा यांच्या हेतूने, दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटले आहे आणि ते अस्थिर असते असे सांगितले आहे; ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्वाचे विवरण करताना माउली आपले सत्कृत्य झाकून ठेवणाऱ्या माणसाचे लक्षण किती प्रेमाने सांगतात ते वाचकांना ठाऊक आहे. या कसोटीवर आजच्या कमानी उतरत नाहीत हे मला खेदाने म्हणावे लागते. परंतु दात्याने नाव लिहूच नये असा हट्ट धरणेही परंपरेला सोडून होईल. कऱ्हाडचे जुने नाव करहाकड. कोकणातील कुडे येथील लेण्यात करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे, आणि दोन हजार वर्षांच्या आसपासचा तो मजकूर नसता तर या खोऱ्यातून कोकणात व्यापार चालत होता हे आपल्याला कसे कळले असते? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या सुमारे सत्तावन फूट उंच मूर्तीच्या पायाशी मराठीत जो लेख आहे, त्यात चावुंडराजाने हे करविले एवढाच आशय आहे. मूर्ती आकाशाला भिडलेली आणि करवित्याचे नाव पावलाजवळ: प्रमाणाचा हा धडा गिरवायला हरकत नाही. छत्रपतींच्या पत्रांवर माथ्याला अष्टकोनी मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी मर्यादेची मोर्तब. हुकूम राज्याचा, पण शिक्का तळहाताच्या आत मावणारा, आणि जिथे लेखन संपले तिथे आता पुढे काही वाढवायचे नाही हे सांगणारी स्वतंत्र खूण. सत्तेला आपले प्रामाण्य सिद्ध करण्यासाठी अक्षर फुगवावे लागत नव्हते.

मग ठळक कोनदार अक्षराचा योग्य विनियोग कोणता? जिथे वाचणारा धावतो आहे, किंवा त्याच्या जिवाला धोका आहे, तिथे हे अक्षर धर्म्य आहे, आणि तिथे ते नसेल तर तो दोष आहे. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे बावीस मीटर अंतर तोडते. शंभर मीटरांवरून वाचता येईल अशा पाटीला चालकाचे पाच सेकंदही मिळत नाहीत. हमरस्त्यावर चाफळचा फाटा दाखवणारी पाटी जाड, सरळ, मोकळ्या पोटाच्या अक्षरांतच हवी, आणि तीवर गावाचे नाव व बाण यांखेरीज दुसरे काहीही नको. समर्थ चाफळहून उंब्रजला कृष्णेच्या स्नानाला येत आणि एकदा पाण्यात ओढले गेले असता मारुतीने त्यांना वाचवले, अशी कथा इथे सांगितली जाते. त्याच कृष्णेच्या घाटावर पाणी खोल आहे, पावसाळ्यात उतरू नये, अशी ताकीद देणारा फलक लिहायचा असेल तर तो जितका ठळक करता येईल तितका करावा, त्याचे कोपरे जितके धारदार करता येतील तितके करावेत. ते अक्षर मारुतीचेच काम करीत असते, आणि त्यावर देवाचे नाव नसले तरी ती उपासनाच आहे असे मी मानतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला इथे देऊळ आहे एवढी हाक मारण्यापुरते देवाचे नावही बाहेरच्या कमानीवर ठळक असू द्यावे. हाक ऐकून माणूस आत आला की तिचे काम संपते. सभामंडपात, गाभाऱ्याच्या चौकटीवर, भिंतीवरच्या मनाच्या श्लोकांत आणि पारायणाच्या पोथीत तीच हाक चालू ठेवणे म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाशी दूरच्याला बोलवण्याच्या सुरात बोलत राहणे होय, आणि त्या सुरात नामस्मरण होत नाही.

वृद्धांच्या सोयीचा मुद्दा यावर नेहमी पुढे केला जातो, आणि तो खरा असल्यामुळे त्याचे उत्तर दिले पाहिजे. थकलेल्या डोळ्याला हवा असतो तो आकार आणि मोकळीक. जाडी आणि कोन यांनी त्याला मदत होत नाही, उलट पोकळ्या बुजल्यामुळे भ कोणता आणि म कोणता हे ओळखण्याचा त्याचा त्रास वाढतो. आपल्या प्रकाशकांनी मोठ्या टायपातल्या ज्या पोथ्या काढल्या आणि ज्या घरोघर आजी-आजोबांच्या हाती दिसतात, त्यांत अक्षर वाढवलेले असते, ओळींतले अंतर वाढवलेले असते, दंडाची जाडी मात्र आकाराच्या प्रमाणातच राखलेली असते. देवस्थानच्या विश्वस्तांनी भिंतीवर श्लोक लिहून घेताना पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला एवढे सांगावे की अक्षर मोठे कर पण जाड करू नकोस, वळण पोथीचे ठेव, ओळीला ओळ लागू देऊ नकोस, आणि चारही बाजूंनी हातभर जागा सोड. देणगीदारांची यादी करायची असेल तर ती दाराच्या आतल्या बाजूस, एकाच मापाच्या मध्यम अक्षरांत, कोणाचे नाव कोणाहून मोठे न करता करावी. पाच हजार देणाऱ्याचे आणि पाच रुपये देणाऱ्याचे अक्षर सारखे असले म्हणजे पुढल्या वर्षीच्या वर्गणीवर काय परिणाम होईल याची चिंता विश्वस्तांनी रामावर सोपवावी.